खांद्यावरचे चार किलो

आमचे हे शिंपी. चाळीस वर्षं लोकांची मापं घेतली, आता रोज सकाळी यांचंच माप निघतं. हृदय थकल्यापासून अंगात पाणी साठतं, म्हणून दवाखान्याने घरी वजनकाटा दिलाय. त्यावर उभं राहिलं की आकडा आपला आपण नर्सबाईंकडे जातो. वजन वाढलं तर त्या गोळी वाढवणार, असं ठरलेलं.

महिनाभर वजन उतरतच होतं. बाई खूश. पण मी बघत होते, यांच्या सुजलेल्या पायात चप्पल शिरेना आणि दोन पावलांत धाप लागे. शेवटी मीच बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "उद्या वजन करताना मला फोनवर दाखवा."

सकाळी फोन शिलाई मशीनला टेकवून ठेवला. हे रोजच्यासारखे माझ्या खांद्यावर रेलून काट्यावर चढले.

"आजी, तुम्ही बाजूला व्हा."

"आणि पडले म्हणजे?"

"क्षणभरच."

मी सरकले आणि आकडा चार किलोंनी चढला. यांचा जोर जाईल तसा भार माझ्यावर येत होता, आणि काट्याला वाटत होतं माणूस सुधारतोय.

"म्हणजे माझे चार किलो तू चोरत होतीस," हे म्हणाले.

"चोरत कसली, वाहत होते."

बाईंनी त्याच दिवशी गोळी वाढवली. आता मी यांच्या मागे हात पसरून उभी राहते, पण टेकू देत नाही. आकडा ठरेपर्यंत मीच दमून जाते.