चौथ्या शीलाचा आवाज

दहिवलीत उज्वलाबद्दल म्हणायचे, की अर्ध्या तालुक्याची लग्नं हिनं पाहिली, पण पंगतीला एकदाही बसली नाही. शेजारच्या मोतीबाई त्यात आपली भर घालायच्या, "आन् तोंड हे असं फटकळ! पंगतीला बोलवायचं तरी कुणी?"

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. उज्वला लग्नाच्या शूटिंगचं मिक्सिंग करायची. शूटिंगवाले कॅसेटी आणून द्यायचे आणि ती घरच्या संगणकावर पाच-सहा तासांचं लग्न दीड तासात बसवायची. नवरा खोपोलीच्या कारखान्यात, मुलगी शाळेत. दिवसभर घरात ती आणि कुणाची तरी वरात. एकदा कर्जतच्या भाजीबाजारात तिनं एका अनोळखी बाईला विचारलं होतं, "तुमच्या थोरल्या दिरांचा खोकला बरा झाला का?" ती बाई भांबावून पाहतच राहिली. तिला काय ठाऊक, की तो खोकला उज्वलानं आठ दिवस ऐकला होता आणि एकेक करून कापून काढला होता.

दोन हजार दहाच्या सुमारास लग्नांचं शूटिंग करणारा तिचा धाकटा दीर प्रीतम यानं नवा कॅमेरा घेतला. त्यात कॅसेट नव्हती, नखाएवढं कार्ड होतं. चित्र इतकं स्वच्छ, की नवरीच्या बांगड्या मोजून घ्याव्यात. त्या कॅमेऱ्याचं पहिलं लग्न पोशीरचं, दर्शनाचं. लग्न लावलं होतं दर्शनाच्या आजोबांनी, दामूकाकांनी. बौद्धाचार्य म्हणून त्यांनी आसपासच्या गावांतली कितीतरी लग्नं लावली होती. पण आदल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला आणि जीभ जड झाली. नातीचं लग्न आपणच लावणार, या हट्टापायी ते रोज सकाळी त्रिशरण-पंचशील घोकत. चौथ्या शीलापाशी जीभ अडायची. खोटं बोलण्यापासून दूर राहीन, असं सांगणारं ते शील. त्यांची बायको गंगाबाई समोर बसून ते पुन्हा पुन्हा म्हणवून घ्यायच्या. आणि लग्नाच्या आठवडाभर आधी त्याच गंगाबाई अंगणात घसरून पडल्या. नातीचं लग्न लागलं तेव्हा त्या कर्जतला दवाखान्यात होत्या, पाय प्लास्टरात.

लग्नानंतर तीन आठवड्यांनी दामूकाका गेले. आणखी महिन्याभरानं गंगाबाई काठी टेकत उज्वलाच्या दारात आल्या.

"मला कायबी नको गं. निस्तं ते शीलाचं दाखव," त्या पाणी पिऊन म्हणाल्या. "मी इचारलेलं त्यांना, चौथ्याला अडकलात का म्हणून. नाय म्हणाले. मी म्हणलं, खोटं बोलताय, माझं मन राखायला. लय हसले. मला बघायचंय, कोण खरं ते."

उज्वलानं त्यांना आठ दिवसांनी यायला सांगितलं. कारण दाखवण्याजोगं तिच्याजवळ काहीच नव्हतं. तिचं सॉफ्टवेअर कॅसेटीच्या काळातलं. नव्या कॅमेऱ्याची फाइल दिली की ते सरळ सांगायचं, ही फाइल ओळखता येत नाही. एक फुकटचा कन्व्हर्टर वापरून तिनं त्या फायली जुन्या साच्यात बसवल्या. चित्र धुरकट झालं, दामूकाकांचा चेहरा पिठात बुडवल्यासारखा दिसू लागला. तिसरं शील झालं. चौथ्याच्या सुरुवातीलाच आवाज तुटला, चित्रही गोठलं आणि दोनेक सेकंदांनी काका पुढच्या शब्दावर होते. पाहणारा हेच म्हणणार, की म्हातारा अडकला.

"प्रीतम, कार्ड आण," ती म्हणाली.

"कार्ड पुसलं की, वयनी. खालापूरच्या लग्नाला लागत होतं."

"सगळं उतरवून मगच पुसलंस ना?"

"मोठ्या तीन फायली घेतल्या. बाकी बारीकसारीक कायतरी होतं, मला वाटलं कंपनीचा कचरा."

तो कचरा नव्हता. लांबलेलं शूटिंग हा कॅमेरा तुकडे करून ठेवायचा आणि तुकडे कसे जोडायचे ते त्या बारीक फायलींत लिहिलेलं असायचं. कॅसेट असती तर सगळंच एका कॅसेटीतून हातात आलं असतं, मागे काही राहिलं नसतं. वीस वर्षांच्या त्या सवयीनं प्रीतमला गोत्यात आणलं होतं. नेमका एक जोड चौथ्या शीलावर आला होता.

"वयनी, तिथं एक गाणं टाक ना. पाकळ्या पडताना दाखव. कुणाला कळतंय?"

"गंगामावशी गाणं ऐकायला येणार हायेत का?"

त्याच सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती निघाली होती, ती या कॅमेऱ्याच्या फायली थेट घेते, असं तिनं ऐकलं होतं. ती कर्जतला सायबर कॅफेत जाऊन बसली. महिनाभर फुकट वापरायची प्रत उतरवायला अख्खी दुपार गेली. घरी आल्यावर मात्र जुन्या संगणकाला नवं चित्र पेलवेना. मिनिटभर चालायचं आणि धापा टाकत थांबायचं. मग तिनं चालवणंच सोडलं. एका सेकंदात पंचवीस चित्रं असतात. एकेक पुढे सरकवत ती जोडापाशी आली.

इथं चित्र तुटलं नव्हतं, आवाज तेवढा गेला होता. आणि चित्र इतकं लख्ख, की काकांच्या हनुवटीवरचे पांढरे खुंट दिसत होते. ओठ मिटले. उघडले. गोल झाले. पुन्हा उघडले. उज्वलाला ती शीलं लहानपणापासून पाठ. ती मनात म्हणत गेली आणि बटण दाबत गेली. एकही अक्षर गळलं नव्हतं. वाकडा झालेला ओठाचा कोपरा प्रत्येक अक्षराला थोडा उशिरा पोचत होता, पण पोचत होता. ती दोनदा मागे गेली, दोनदा पुढे आली, आणि मग उगाचच उठून तिनं चहा ठेवला.

आठव्या दिवशी गंगाबाई आल्या. प्रीतम मान खाली घालून दाराशी उभा होता. उज्वलानं आधी काय चुकलं ते सांगितलं, प्रीतमचं आणि मशीनचं, काही न झाकता. मग खुर्ची पडद्याजवळ ओढून त्यांना बसवलं आणि एकेक चित्र सरकवू लागली. गंगाबाईंचे ओठ आपोआप हलू लागले. ओठांना ओठ जुळत गेले. शील संपलं तेव्हा त्यांनी पदराचा बोळा तोंडाशी धरला होता.

"अडकले नाय गं."

"नाय."

पडद्यावर दामूकाका पाचव्या शीलाच्या आधी श्वास घेताना थांबले होते.

"म्हंजे मीच उगा त्यांना खोटं पाडलं."

प्रीतम पुढे सरसावला. "तसं नाय मावशी, तुमी तिथं नवत्या, तुमाला काय..."

उज्वलानं त्याला हातानं थांबवलं आणि चित्र पुन्हा पहिल्या शीलावर नेलं.

"व्हय मावशी, उगाच पाडलंत. आता पयल्यापासून आवाजासकट लावते. चौथ्याला त्यांचा आवाज जाईल, तिथं तुमी म्हणा."