अप्पांनी पालथा घातलेला कागद

धोंडिबाअप्पा पांचाळ यांच्या दुकानात मी पहिल्यांदा गेलो, तो खाकी कागदाची सुरळी काखेत मारून. बसवकल्याणच्या बसस्थानकामागचं ते दुकान भजनी मंडळांच्या वीणा, एकतारी आणि बिघडलेल्या पेट्यांनी भरलेलं. मी आळंदचा दत्ता. बरोबरीची पोरं पुण्या-हैदराबादेच्या कारखान्यांत जायला लागली होती आणि मी सोलापूरच्या एका ऑर्केस्ट्रात बेस गिटारच्या चार जाड तारांवर पोट भरत होतो. एके दिवशी आमच्या मालकांनी नवा की-बोर्ड आणला आणि म्हणाले, "बेस आता ह्याच्यावरच वाजतोय. तुला राहायचं असेल तर स्वतःची गिटार आण." विलायती गिटार घेण्याची माझी ऐपत नव्हती. म्हणून मालकांच्याच गिटारभोवती पेन्सिल फिरवून मी तिचा आकार कागदावर उतरवून आणला होता.

अप्पांनी जन्मात बेस गिटार पाहिलेली नव्हती. कागद फळीवर पसरून त्यांनी विचारलं, "ही वाजते का गुरगुरते?"

"गुरगुरते," मी म्हटलं.

"मग करू की!"

अप्पा बोलायचे मराठीत, मोजमाप घ्यायचे कन्नडात आणि चिडले की दखनी. त्यांची चिडायची कारणंही ठरलेली. कुणी घाई केली किंवा ओल्या लाकडाला हात लावला, की संपलंच! सगळी गल्ली ऐकायची.

काम सुरू व्हायचं होतं, तेवढ्यात आमच्या घरच्या कडबाकुट्टीच्या यंत्रात माझा डावा हात सापडला. अंगठ्याजवळची दोन बोटं अर्धी गेली. तारा दाबायचा हात तोच. जखम सुकल्यावर मी पुन्हा बसवकल्याणला गेलो, ते काम रद्द करायला. "कागद परत द्या अप्पा, संपलं सगळं," एवढंच म्हणालो. ओक्साबोक्शी रडलो, सांगायला लाज कसली.

अप्पांनी रंधा खाली ठेवला. "कामून रडायलास? दोन बोटं गेली. कान हायेत का न्हाई?"

"हायेत."

"उजवा हात?"

"त्यो बी हाय."

त्यांनी तो कागद उचलला, पालथा घातला आणि दाराच्या उजेडात धरला. पाठीमागून पेन्सिलीची रेघ दिसत होती. कानावरची पेन्सिल काढून त्यांनी तीच रेघ उलट्या बाजूनं गिरवली. "हे बग. आता उजव्यानं दाब, डाव्यानं छेड. आमच्या कागदाला उजवं-डावं न्हाई." माझं संपलेलं आयुष्य त्या माणसानं नुसतं उलटून ठेवलं होतं.

सागवानाचं अंग, शिसमाची दांडी. तारा आणि विजेचं सामान तेवढं हैदराबादेहून आलं. दांडीवरचे सुरांचे पडदे कुठं बसवायचे हे अप्पांनी कुठल्या पुस्तकात पाहिलं नाही. त्यांच्या पत्नी रत्नाक्का पेटीवर सूर धरून बसत आणि अप्पा पितळेची पट्टी दांडीवर केसाकेसानं सरकवत. दोन्ही सूर एक झाले की खूण. नववा पडदा बसवून झाल्यावर अक्का म्हणाल्या, "जरा चढायलाय." अप्पांनी मुकाट्यानं तो उपटला आणि पुढचे तीन दिवस पुन्हा तेच. गणपतीतले कार्यक्रम माझ्या डोळ्यांदेखत निघून चालले होते. मी तडकलो, "कोण ऐकणारे एवढं?" अप्पा म्हणाले, "तू ऐकशील की. रोज ऐकशील."

त्या दिवसांत अप्पांच्या डाव्या हाताच्या दोन बोटांना जाडजूड चिंधी गुंडाळलेली असायची. पटाशी लागली असेल, असं मी धरून चाललो. कशानं लागलं, हे विचारायचंही मला सुचलं नाही. आपलं दुःख उगाळण्यात मी तेव्हा पार बुडालेला होतो.

गिटार हातात आली तेव्हा तारांच्या वर अप्पांनी शिसमाची एक बोटभर पट्टी बसवलेली दिसली. अंगठा तिच्यावर टेकला की माझ्या अर्ध्या बोटांनाही तारा नेमक्या सापडत. "हे कसं कळलं तुम्हाला?" मी विचारलं. "अंदाजानं," म्हणाले आणि पेटीच्या भात्याकडे वळले. पुढं सहा महिने त्याच दुकानात बसून मी उलट्या हातानं पहिल्यापासून शिकलो. चुकलो की अप्पा रंध्याची खरखर थांबवायचे आणि मी तीच ओळ पुन्हा धरायचो. लग्नसराईत आळंदच्या कार्यक्रमात मी पुन्हा उभा राहिलो. अप्पा आणि अक्का पहिल्या रांगेत होते. मालकांनी की-बोर्डवाल्याला खूण केली, बेस सोड म्हणून. त्यानंतर माझी जागा कुणी मागितली नाही.

मागच्या वर्षी अप्पांकडे जेवायला बसलो असताना मी सहज बोललो, "तेव्हा तुमच्या बोटांना बरंच लागलं होतं, नाही का?" अक्का भाकरी थापता थापता हसल्या. "लागलं कुठं? दोन म्हैने बोटं अर्ध्यावर मुडपून चिंधी बांधून बसले व्हते. दत्ताची जेवढी हायेत तेवढ्यानंच बगतो म्हणायचे. सदऱ्याची गुंडी सुदीक तशीच लावायचे."

अप्पा पुटपुटले, "हिला कोन सांगितलं बोलायला!" आणि ताटात बघत राहिले. एवढी वर्षं त्या पट्टीवर मी अंगठा टेकत आलो, आणि तो अंदाज नव्हता.

अप्पांना पंचाहत्तर पूर्ण झाली. उमरग्यापासून लोक आजही पेट्या घेऊन येतात आणि घाई केली की आजही शिव्या खातात. त्यांची नजर अशीच शाबूत राहो, अक्कांचा कान त्यांच्या शेजारी असाच जागा राहो आणि गल्लीला आणखी पंचवीस वर्षं त्यांची दखनी ऐकायला मिळो. अप्पा, तुमच्या दहाही बोटांना जपा. त्यातली दोन माझी आहेत.