भोंग्यावरचं आवतण

मला वाटलं होतं, गावात पाऊल ठेवलं की घाबरलेली म्हातारी माणसं भेटतील. दारं लावून बसलेली, कुणीतरी येऊन समजावून सांगेल याची वाट बघणारी. इंग्लंडमध्ये सार्वजनिक आरोग्य शिकून मी परतले ती हेच चित्र डोळ्यांपुढे ठेवून. बॅगेत कपड्यांपेक्षा मास्क जास्त होते.

प्रत्यक्षात ती सगळी एसटीच्या थांब्यात बसली होती.

लोधिवलीहून आत वळलं की आमचं गाव. एसटी बंद होती, त्यामुळे थांबा रिकामा. वर छप्पर, खाली सिमेंटचा बाक आणि गावात येणारा-जाणारा प्रत्येक जण दिसेल अशी मोक्याची जागा. महामारीत म्हाताऱ्या माणसांना दुसरं काय हवं?

मंडळी तीनच, पण रोजची. नाना म्हणजे माझ्या आजोबांचे चुलत भाऊ. साजगावच्या एका कारखान्यातून फिटर म्हणून रिटायर झालेले आणि दम्याचे जुने पेशंट. हिराआजीने जन्मभर मोहोपाड्याच्या कॉलनीत दारोदार भाजी विकली. आणि दामूबाबा, भातशेतीवाले, जे फार बोलत नाहीत आणि बोलले की विषय संपतो.

असे किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. गवतातून चालून आलं की कपड्यांना कुसळं चिकटलेली घरी आल्यावर दिसतात, तसं त्या बाकावरून उठून आलं की होतं.

*

पहिल्याच संध्याकाळी नानांनी चौकशी केली.

"बाय, तू तिकडं नक्की काय शिकलीस?"

"पब्लिक हेल्थ, नाना. म्हणजे सगळ्या समाजाचं आरोग्य."

"म्हंजे डॉक्टर?"

"डॉक्टर एकेका माणसाला तपासतो. आम्ही सगळ्यांचा एकत्र विचार करतो."

नानांनी जरा विचार केला. "मंग माजा गुडगा दुकतोय, त्याचं काय?"

"त्यासाठी डॉक्टरकडे जावं लागेल."

नाना हिराआजीकडे वळले. "बघ गं. सगळ्या गावाचं बरं करनार, पन एकाचं नाय."

*

रेशनच्या दुकानासमोर पंचायतीने चुन्याचे गोल आखले होते. एका गोलात एक माणूस, मध्ये अंतर. सगळं नियमाप्रमाणे. मला फार बरं वाटलं.

रेशनच्या दिवशी जाऊन बघते तर प्रत्येक गोलात एक चप्पल. कुठे पिशवी, कुठे छत्री. रांग एकदम शिस्तीत होती. फक्त माणसं नव्हती. ती समोरच्या आंब्याखाली एकमेकांना चिकटून बसली होती आणि तंबाखूची डबी हातोहात फिरत होती.

मी तिथेच अंतराचं महत्त्व समजावून सांगितलं. दहा मिनिटं तरी बोलले असेन. दामूबाबांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"बरोबर हाय बाय तुजं," ते म्हणाले. "आता चपलांना काय बी व्हनार नाय."

*

त्या दिवसांत आमच्याकडे करोना आहे की नाही हे बघायची एक घरगुती तपासणी निघाली होती. सकाळी उठायचं, सुकटीचा डबा उघडायचा आणि हुंगायचं. वास आला की माणूस ठणठणीत. सुकटीचा वास ज्याला येत नाही त्याचं काहीतरी गंभीर आहे, यावर शास्त्राचं आणि गावाचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

एका सकाळी हिराआजीला वास आला नाही.

तिने पुन्हा हुंगलं. डबा उन्हात नेऊन हुंगलं. मग पडवीतल्या खाटेवर जाऊन पडली आणि लांबूनच सुनेला सांगायला लागली. पाटल्या धाकटीला द्यायच्या. मोठीला दिल्या तर ती मोडून टाकेल. भाजीची टोपली कुणाला देऊ नका. आणि दहाव्याला खीर पातळ करू नका, मागे तिच्या सासूच्या वेळी पातळ झाली होती, लोक अजून बोलतात.

आमच्या गावच्या आशा सेविका सुनीताताई मास्क आणि हातमोजे घालून धावल्या. मागोमाग मी. कुंपणाबाहेर नाना आणि दामूबाबा उभे. नानांनी टोपी काढून हातात धरलेली.

सुनीताताईंनी डबा उघडून बघितला. सुनेने आदल्या दिवशी डबा घासून नवी सुकट प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून ठेवली होती.

कुंपणापलीकडून दामूबाबांचा आवाज आला. "हिरे, पिशवी सोड आन मंग मर."

हिराआजी उठली, पिशवी सोडली, हुंगली आणि सुनेला म्हणाली, "पाटल्यांचं बोलले ते इसरून जा."

*

मी ऑक्सिमीटर आणला होता. बोटाला लावायचा चिमटा, त्यावर रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा येतो. रोज संध्याकाळी थांब्यात जाऊन मी तिघांचा आकडा बघायचे. दोन दिवसांत त्याची परीक्षा होऊन बसली. दामूबाबा अठ्ठ्याण्णव, हिराआजी सत्त्याण्णव. नाना दम्यामुळे कायम मागे.

"ग्रेस मारक दे गं त्याला," हिराआजी म्हणायची. "गरिबाचं पोर हाय."

लाट वाढली. आजूबाजूच्या गावांतून रोज कुणाची तरी बातमी यायची. नानांचा आकडा खाली सरकताना मला दिसत होता. दम्याचा पंप दिवसातून जास्त वेळा लागायचा. बोलताना वाक्य मध्येच तुटायचं.

आणि एका संध्याकाळी अचानक सत्त्याण्णव. नाना शाल पांघरून बसले होते. शालीतून एक हात फक्त मनगटापर्यंत बाहेर होता. मी खूश झाले. मग जरा निरखून पाहिलं.

"नाना, तुमच्या हातात बांगड्या कधीपासून?"

नाना म्हणाले, "लॉकडाऊन हाय बाय. घरी बसून मानसानं करायचं काय?"

शालीमागे बसलेल्या हिराआजीने हात काढून घेतला. सगळे हसले. मीही हसले. हसणं संपल्यावर मी विचारलं, असं का केलंत?

"आकडा खाली गेला की तू मला पनवेलला दवाखान्यात धाडनार," नाना म्हणाले. "आमचा रामा गेला. धाकटा भाऊ माजा. चालत चालत अँब्युलन्समधी चढला, हात केला मला. तिकडंच जाळला त्याला. तोंड बी बघायला मिलालं नाय." मग पंप घेतला आणि म्हणाले, "मी हितंच बरा हाय."

त्या संध्याकाळी मी भाषण केलं नाही. पण मनात एक गोष्ट पक्की झाली. नानांना पनवेलला नेण्याची वेळच येऊ द्यायची नसेल, तर त्याआधी त्यांना लस मिळायला हवी. तो दमा असताना त्यांना करोनाने गाठलं, तर पुढचं मला पुस्तकात न बघता कळत होतं.

*

मधेच एक लग्न झालं. नानांच्याच पुतण्याच्या मुलाचं. मोजक्याच माणसांची परवानगी, म्हणून घरच्यांनी सगळ्या म्हाताऱ्यांची नावं गाळली. हेतू चांगला होता. त्यांच्या तब्येतीची काळजी. मी तर त्या घरच्यांचं कौतुकही केलं. पत्रिकेचा फोटो तेवढा त्यांनी सगळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला.

आमच्याकडे लग्नाचं आवतण असं येत नाही. घरची माणसं हळदी-कुंकवाच्या अक्षता घेऊन दारात येतात, घरातल्या मोठ्याचं नाव घेऊन हातावर अक्षता ठेवतात आणि तोंडाने सांगतात. अक्षत आली नाही, तर सख्खा भाऊही मांडवात जात नाही. आणि हातावर घेतली, तर जावंच लागतं. भांडण असलं तरी, ताप असला तरी. घेऊन न जाणं म्हणजे त्या घराशी नातं तोडणं.

लग्नाच्या सकाळी नानांनी मला घरी बोलावलं. इस्त्री केलेल्या रुमालात गुंडाळून स्वतःचा मोबाईल माझ्या हातात ठेवला.

"ह्याला घेऊन जा."

"कुठे?"

"लग्नाला. आवतान त्याला आलंय."

मी खरंच घेऊन गेले. नाही म्हणायचा धीर झाला नाही. मांडवात पहिल्या ओळीत एका खुर्चीवर मोबाईल ठेवला. नवऱ्या मुलाच्या वडिलांनी तो ओळखला. जेवणं झाल्यावर एक ताट वाढून त्यांनी माझ्याकडे दिलं.

ताट नानांनी घेतलं नाही. "मोबाईलला इचार, जेवला काय," एवढंच म्हणाले.

*

मग लसीची गाडी आमच्या गावी यायची ठरली. शाळेत कॅम्प, साठीच्या पुढच्यांना आधी.

मी आणि सुनीताताईंनी कसर ठेवली नाही. रिक्षाला भोंगा बांधून तीन दिवस गावभर फिरवला. माझाच आवाज रेकॉर्ड केलेला. दुकानावर, दूध डेअरीवर, देवळाच्या खांबावर कागद चिकटवले. गावच्या ग्रुपवर रोज सकाळी आणि संध्याकाळी मेसेज. वर्गातल्या बाकांना अंतर, पाण्याची सोय, नंतर अर्धा तास बसायला सतरंज्या.

सतरंज्यांवर दिवसभर शाळेचा कुत्रा बसला होता.

तरुण आले, त्यांना नियमाने परत पाठवावं लागलं. साठीच्या पुढचं एक माणूस फिरकलं नाही. संध्याकाळी नर्सबाई लसीचा डबा आवरत म्हणाल्या, "उद्या दुपारपर्यंत थांबते. मग गाडी पुढच्या गावाला. परत कधी मिळेल ते मला सांगता येणार नाही."

मी तशीच थांब्यावर गेले. तिघेही होते.

"ताप येतो म्हनतात," हिराआजी म्हणाली.

"ताप एक दिवस येतो, आजी."

"नाना गेला तर मी जाईन."

दामूबाबांनी मान हलवली, म्हणजे त्यांचंही तेच. गावातले सगळे म्हातारे नानांकडे बघत होते. आणि नाना रस्त्याकडे. घरून थांब्यापर्यंत येतानाच त्यांना धाप लागली होती. ती अजून बसली नव्हती.

"नाना, तुम्हाला भीती वाटते का?"

"भीती कसली? नोकरीत अंगावर गरम पानी पडलंय माज्या. सुईला भितो व्हय?"

"मग का नाही आलात?"

"कुनी बोलावलं?"

मी थक्क झाले. "तीन दिवस भोंगा फिरतोय, नाना. माझा आवाज होता त्यात."

नाना पहिल्यांदा माझ्याकडे वळले. रागावलेले नव्हते. एखादं गणित समजावून सांगावं तसं शांतपणे म्हणाले, "बाय, भोंग्यावर भंगारवाला बोलावतो. जुना पत्रा, मोडकी सायकल, बंद पडलेली बॅटरी. आमी त्यातलेच हाव, म्हाईत हाय आमाला. पन तोंडावर सांगू नये गं."

दामूबाबा उठले आणि त्यांनी नानांना हात दिला. दोघे हळूहळू घराकडे गेले. मध्ये दोनदा थांबले.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रिक्षावाल्याला फोन करून सांगितलं, आज येऊ नकोस.

आईकडे ताम्हण मागितलं. तांदूळ घेतले, हळद-कुंकू कालवलं. आई बघत राहिली. "कुणाचं लग्न?" म्हणाली. मी सांगितलं. ती आत गेली आणि तिची ठेवणीतली साडी आणून माझ्यापुढे ठेवली. "जीन्सवर कुणी अक्षत घेईल का?"

मास्क लावला, साडी सावरली आणि पहिलं दार नानांचं गाठलं. नाना ओटीवर दात घासत बसले होते. तोंडात मशेरी, हात भरलेला. मला बघून त्यांनी ताम्हणाकडे बघितलं, मग साडीकडे, मग परत ताम्हणाकडे.

सुनीताताई माझ्यामागे उभ्या होत्या.

मी नानांचं पूर्ण नाव घेतलं. बापाच्या नावासकट. "आज शाळेत यायचं आहे. घरच्या सगळ्या मोठ्यांना घेऊन."

नाना उठले. चूळ भरली. हात धुतला, पंच्याला पुसून कोरडा केला आणि पुढे केला. मी अक्षता ठेवल्या.

"कुनाकडचं आवतान?" त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं.

"आमच्याकडचं."

नानांनी मूठ मिटली. मग घराकडे तोंड करून सुनेला हाक मारली.

"सूनबाय, माजा लग्नातला सदरा काड गं. आन मोबाईल राहू दे घरी. आज मी जातोय."