दोन हाडांचा सांधा

माझी लेक शैला विद्यापीठात जुनी चिनी लिपी शिकवते, अजून हंगामीच. काल ती जेवणाच्या टेबलावर कात्रीनं कापलेले दोन फोटो एकमेकांना लावून बघत होती. हाडांचे तुकडे होते ते. तिकडचे राजे म्हणे हाड तापवायचे, तडा बघून कौल घ्यायचे आणि प्रश्न त्याच हाडावर कोरून ठेवायचे. पाऊस पडेल का, राणीला मुलगा होईल का, राजाची दाढदुखी थांबेल का.

"मग थांबली का?" मी विचारलं.

"ते बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं, आई."

म्हणजे राजाच्याही पोटात भीती होतीच. भीतीला शाळा लागत नाही. मी चौथी शिकले, तरी मला ती पुरून उरते.

हे दोन तुकडे एकाच हाडाचे, असं शैलानं पूर्वी छापलं होतं. त्यावरच तिचं नाव झालं. आता नवा, स्वच्छ फोटो आला आणि तिला शंका आली. सोमवारी कायम नोकरीची मुलाखत आहे. तिचं वय सेहेचाळीस.

"तू गोधड्या शिवतेस. सांग, जुळतात?"

एकाचा तडा जिथं संपत होता, तिथून बोटभर खाली दुसऱ्याचा सुरू होत होता. सोमवारनंतर विचार, असं ओठांवर आलं होतं.

"नाही जुळत," मी म्हणाले.

तिनं तेव्हाच छापणाऱ्यांना चूक कळवणारं पत्र लिहून धाडलं.

"मुलाखतीत हेच काढतील," मी म्हणाले.

"काढू देत. तू खरं सांगितलंस ना, झालं."

झालं कसं? सोमवार अजून यायचाय.