पोरीचे पाय आणि आमच्या आई

मी माझ्याच मुलीचे पाय बांधून ठेवायचे.

हे फक्त एका माणसाला माहीत होतं. आमच्या आई. माझ्या सासूबाई.
आज त्यांना जाऊन बारा दिवस झाले.

मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. दोन्ही पाय आत वळायचे. पळताना पायात पाय अडकून पडायची.

रत्नागिरीला डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी तिला चालवून बघितलं, तपासलं. म्हणाले, "काही करू नका. वाढेल तसे बहुतेक सरळ होतील. सहा महिन्यांनी परत आणा."

औषध नाही, बूट नाही, पट्टा नाही.
मी बीकॉम झालेली. तरी विश्वास बसला नाही.

नवरा जहाजावर. पूर्णगडात जो तो विचारायचा, पोरीच्या पायांचं काय? कोणीतरी सांगितलं, झोपेत सरळ बांधून ठेव.
मी दुपारी ओढणीने बांधायला लागले. जाग आली की ती रडायची.

एक दिवस आई मासे विकून लवकर परतल्या. पाटी दारातच ठेवली आणि ओढणी सोडली. वळ उठले होते, त्यावर हात फिरवत बसल्या.

मला वाटलं, आता घर डोक्यावर घेणार.

"डॉक्टर काय बोलला व्हता?"
"काही करू नका."
"मग तेवडं तरी कर गो."

बस. एवढंच.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी तिला वाळवणावर घेऊन जायला लागल्या. वाळूत खारे बांगडे सुकत घातलेले असायचे. त्यांच्या रांगांमधून पळत कावळे हाकायचं काम तिचं.

शेजारच्या काकी एकदा म्हणाल्या, "अशी वाकडी चालते, लगीन कसं व्हायचं गो हिचं?"

आई म्हणाल्या, "हिने अजून एक बांगडा तुडवला नाय. तुजा सरळ पायाचा घोडा कालपासून तीन तुडवून गेला. त्याच्या लग्नाचं बघ आदी."

मुलगी आता नऊ वर्षांची आहे. दमली की उजवा पाय अजून थोडा आत येतो. कबड्डी खेळते.

ओढणीचं आईंनी कोणालाच सांगितलं नाही. स्वतःच्या मुलालाही नाही.
आम्ही सासू-सून, भांडणं पुष्कळ झाली. रागाच्या भरातसुद्धा त्यांनी ते कधी काढलं नाही.

आज सकाळी मी स्वतःच मुलीला सांगितलं.
ती म्हणाली, "आजीने मला का नाही सांगितलं?"
"माझ्यासाठी," मी म्हटलं.

आई, तुमच्यासमोर आभार मानायचे राहून गेले.
इथे सगळ्यांसमोर मानते.
नमस्कार करते.