उजवीकडची लाल टोपी

सुमनताई गेल्याचं आम्हाला स्विमिंग पूलवरच कळलं. महिलांच्या सकाळच्या बॅचला त्या दोन दिवस फिरकल्या नव्हत्या, म्हणून आमच्या शिकवणाऱ्या मॅडमनी त्यांच्या घरी फोन लावला आणि काठावर उभ्या राहूनच सांगितलं, "झोपेतच गेल्या..." त्या दिवशी कुणी पोहलं नाही. पाण्यात उतरलो, कठडा धरून नुसत्या उभ्या राहिलो आणि बाहेर आलो.

संध्याकाळी आम्ही चौघी नौपाड्यात त्यांच्या घरी गेलो. आमच्यातलं कुणीच तिथे आधी गेलेलं नव्हतं. दार उघडं, समोर हार घातलेला फोटो. भरघोस पांढरा अंबाडा, जाड भिंगांचा चष्मा, काठापदराची साडी. रेखाने मला कोपराने ढोसलं. "अगं, चुकलो आपण. या कुणीतरी दुसऱ्याच आहेत." आम्ही हळूच मागे सरून चपला पायात सरकवत होतो, तेवढ्यात त्यांची सून बाहेर आली. "तुम्ही स्विमिंगच्या ना?" मला सुतकाच्या घरात हसू फुटलं. काय झालं ते कळल्यावर तीही हसली, आणि मग सगळ्याच रडलो.

पण आमचं तरी काय चुकलं? सुमनताई पूलपासून दोन गल्ल्यांवर राहायच्या. घरूनच लाल टोपी घालून, वर गाऊन चढवून यायच्या आणि टोपी न काढता तशाच परत जायच्या. ओले केस घेऊन रस्त्याने जाणं त्यांना पटायचं नाही. डोळ्यांवर नंबरचा गॉगल. टोपी इतकी फुगलेली असायची, की आत जेवणाचा डबा आहे का, असं आम्ही चिडवायचो. इतक्या वर्षांच्या मैत्रीत त्यांचे केस आम्ही कधी पाहिलेच नव्हते.

मी घोडबंदर रोडवरून बसने यायचे ती गुडघ्यांसाठी, पाण्यात चालायला. पोहण्याचा माझा काही इरादा नव्हता. पण सुमनताई स्वतः साठीनंतर शिकलेल्या, त्यामुळे माझी भीती त्यांना तोंडपाठ होती. "वैजयंती, पाण्याशी भांडतेस कशाला? ते काय तुझी जाऊ आहे?" असं म्हणत म्हणत त्यांनी मला पोहतं केलं, पण अर्ध्यापर्यंतच. अर्ध्यानंतर तळाची फरशी गडद निळी होते, तिथून पुढे पाय टेकत नाहीत. ती फरशी दिसली की माझा श्वास अडकायचा आणि मी परत फिरायचे. मग त्या माझ्या उजवीकडून पोहायला लागल्या. "खाली बघूच नकोस. माझ्याकडे बघ आणि श्वास घे." मान वळवली की लाल टोपी दिसायची आणि श्वास आपोआप यायचा. तरीही मी पार काही गेले नाही. शेवटी त्यांनी आमिष दाखवलं. "पलीकडे पोचलीस की माझ्या घरी जेवायला ये. अळूचं फदफदं करते."

त्या संध्याकाळी सुनेने माझं नाव विचारलं आणि मला गॅलरीत नेलं. कुंडीत अळू माजलं होतं. "आईंनी तुमच्यासाठी लावलंय. कुणाला तोडू द्यायच्या नाहीत. म्हणायच्या, वैजयंती पार गेली की लागेल..."

गेल्या आठवड्यात मी पार गेले. मॅडम काठाने सोबत चालत होत्या. मी दर वेळी उजवीकडेच मान वळवत होते. तिथे नुसतं पाणी होतं, तरी वळवत राहिले. पलीकडचा कठडा हाताला लागला आणि आनंद व्हायच्या आधी मला सुमनताईंचा रागच आला. जरा थांबायला काय झालं होतं त्यांना...

मॅडम खूश होत्या. म्हणाल्या, "आता डावीकडूनही श्वास घ्यायला शिका. एकाच बाजूने मान आखडेल." मी हो म्हटलं. शिकायचा माझा काही विचार नाही.