निकाली निघालेल्या फायली

मानवी हक्क आयोगाच्या नोंद विभागात ती सतरा वर्षं कारकून होती. बोलणं टोचरं, म्हणून सगळे तिला टाचणीबाई म्हणत. वार्षिक अहवालाचे आकडे तीच काढी. त्या वर्षी दोनशे तेहतीस तक्रारी आल्या, दोनशे बारा निकाली निघाल्या. एक्क्याण्णव टक्के. सचिव खूश होते.

एका फायलीवर तारीख नव्हती, म्हणून तिने तक्रारदाराला फोन लावला. तो निवृत्त बसचालक होता. त्याची बहीण मनोरुग्णालयात होती आणि तिथल्या बायकांच्या संडासांना दारं नव्हती. ती बसवावीत अशी शिफारस करून आयोगाने फाईल बंद केली होती.

"आमचं पत्र कधी मिळालं?"

"मार्चमध्ये. जपून ठेवलंय."

"आणि दारं?"

"दारं कुठली, बाई? बहीण अजून चादर आडवी धरून बसते."

त्या दुपारी तिचा डबा तसाच राहिला. दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत ती एकेक बंद फाईल काढून फोन लावू लागली. फोन लागला नाही तिथे पत्र टाकलं. घरी सासूबाई म्हणाल्या, "तुला कुणी सांगितलंय हे?"

"कुणीच नाही. म्हणून तर राहून गेलं होतं."

तीन महिन्यांत दोनशे बारा जणांची उत्तरं जमली. खरोखर काही बदललं होतं सत्याऐंशी जणांचं, म्हणजे बंद फायलींपैकी शेकडा एक्केचाळीस.

पुढच्या तीन वर्षांच्या आराखड्याच्या बैठकीत सचिवांनी 'निकालाचं प्रमाण पंच्याण्णव टक्के' हे उद्दिष्ट मांडलं. मागच्या रांगेतून ती उठली आणि तिने आपला कागद वाचला. निकाली दोनशे बारा, बदललं सत्याऐंशी जणांचं.

"हे धरलं तर आपण एक्केचाळीसवर येऊ," सचिव म्हणाले. "लोकांना काय तोंड दाखवायचं?"

"साहेब, त्या लोकांना हे आधीपासून माहीत आहे. माहीत नव्हतं ते आपल्याला."

अध्यक्षबाईंनी कागद मागून घेतला, शेवटपर्यंत वाचला आणि आराखड्यातली ओळ स्वतःच्या हाताने खोडली. ठरलं असं, की शिफारशीनंतर सहा महिन्यांनी तक्रारदाराला विचारायचं आणि तो 'झालं' म्हणाला तरच काम मोजायचं.

अहवालात एक्केचाळीस छापलं गेलं. वर्तमानपत्रांनी आयोगाची पार सालटी काढली. सचिव महिनाभर तिच्याशी कामापुरतंच बोलले. पण बंद फायली पुन्हा उघडल्या. अधिकारी मनोरुग्णालयात स्वतः गेले, हात हलवत परतले, पुन्हा गेले. तिसऱ्या खेपेला अकरा दारं बसलेली त्यांनी उघडून-लावून पाहिली.

पुढच्या वर्षी आकडा त्रेपन्न झाला. सचिवांनी तिच्या टेबलावर दुसरा फोन बसवून दिला आणि मदतीला एक कारकून. तिने पहिल्याच दिवशी त्या नव्या बाईला बजावलं, "पत्र मिळालं का, असं विचारायचं नाही. काय बदललं, ते विचारायचं. आणि 'काही नाही' म्हणाले, तर तेच लिहायचं."